चौथी गोळी आणि मधले दहा दिवस

२५ जानेवारी १९४८ ला चार माणसं ठाण्यात एकत्र आली. नथुराम गोडसे, नारायण आपटे, विष्णू करकरे आणि गोपाळ गोडसे. पाचच दिवसांपूर्वी दिल्लीत, बिर्ला हाउसच्या आवारात गांधीजींना मारण्याचा त्यांचा डाव फसला होता. मदनलाल पाहवा या साथीदाराने गनकॉटनचा स्फोट केला आणि तो तिथेच पकडला गेला, बाकीचे निसटले. मदनलाल पोलिसांच्या ताब्यात होता, बोलत होता, आणि हे चौघे मुंबईच्या इतक्या जवळ भेटून पुढचं ठरवत होते. २७ तारखेला गोडसे आणि आपटे खोट्या नावांनी काढलेल्या तिकिटांवर विमानाने दिल्लीला गेले. तिथून ग्वाल्हेर, ग्वाल्हेरहून पिस्तूल, पुन्हा दिल्ली. ३० तारखेला संध्याकाळी ५ वाजून १७ मिनिटांनी सगळं संपलं.

माझा जन्म ठाण्याचा, शाळा ठाण्यातली, संसारही इथेच. बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी १८५३ मध्ये इथे आली, हे आम्हाला पहिल्या इयत्तांतच पाठ होतं. चिमाजी आप्पांच्या फौजेने ठाण्याचा किल्ला घेतला तेही माहीत होतं. त्याच किल्ल्यात आजचं कारागृह आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाबद्दल अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना तिथे १९ एप्रिल १९१० ला फाशी दिलं, आणि ठाणं ती तारीख अभिमानाने पाळतं. म्हणजे राजकीय हत्येची आठवण या गावाला आहे. पण २५ जानेवारीबद्दल मला कोणी कधी काही सांगितलं नाही. मी ते पहिल्यांदा वाचलं गांधीहत्येच्या कटाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या आयोगाच्या अहवालात, चाळिशी उलटल्यावर. आणि तो अहवाल मी हातात घेतला तो केवळ मामाशी वाद घालण्यासाठी.

मामा राम मारुती रोडच्या मागे राहतो. वय सत्तरीच्या पुढे, नजर तीक्ष्ण, वाचन दांडगं. मराठी ग्रंथ संग्रहालयाचा जुना सभासद. गेल्या काही वर्षांत त्याने एक गोष्ट मनाशी पक्की केली आहे: गांधीजींना तीन नाही, चार गोळ्या लागल्या होत्या, आणि चौथी नथुरामच्या पिस्तुलातली नव्हती.

त्याचा युक्तिवाद ऐकायला सुटसुटीत आहे. नथुरामच्या बेरेटा पिस्तुलात सात गोळ्या मावत. पकडल्यावर त्यात चार शिल्लक होत्या. म्हणजे त्याने तीनच झाडल्या. पण त्या दिवसांतल्या काही वृत्तपत्रांत चार गोळ्यांचा उल्लेख आहे. मग चौथी कोणाची? शिवाय शवविच्छेदन झालंच नाही. का झालं नाही? कोणाला ते नको होतं?

यातली शवविच्छेदनाची गोष्ट खरी आहे. मृतदेहाची तपासणी डॉक्टरांनी बिर्ला हाउसमध्येच केली आणि जखमांची नोंद केली, पण विच्छेदन झालं नाही. देशाच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या खुनाच्या तपासात ही उणीव राहिली, आणि त्याबद्दल प्रश्न विचारणाऱ्याला वेड्यात काढणाऱ्यांचा मला राग येतो. मामाला घरात सगळे गप्प करायचे. माझा नवरा, माझा मुलगा, दोघंही हसून विषय बदलायचे. मला ते पटत नव्हतं. माणूस सरकारी उत्तरावर शंका घेतो तेव्हा त्याचा प्रश्न ऐकून घ्यायला हवा, आणि मग त्याच्या सोबत बसून कागद वाचायला हवेत. म्हणून मी अहवाल छापून घेतला, त्याचे दोन्ही भाग बांधून घेतले आणि मामाकडे रविवारी सकाळी जायला लागले.

खरं तर चौथ्या गोळीचं उत्तर आम्हाला लवकर मिळालं. हाच मुद्दा घेऊन मुंबईतल्या एका अभ्यासकाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. न्यायालयाने ती वाऱ्यावर सोडली नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र नेमलं. दुसरा मारेकरी, 'फोर्स १३६' ही ब्रिटिशांची गुप्त संघटना, त्या दिवसांतल्या बातम्या, सगळं त्यांनी तपासलं आणि फेरतपासाला आधार नाही असं सांगितलं. २८ मार्च २०१८ ला न्यायालयाने याचिका फेटाळली. धावपळीत, अंधारून येताना, शेकडो माणसांच्या कल्लोळात वार्ताहराने तीनाचे चार लिहिणं अशक्य नाही. फिर्यादीत तीन गोळ्या आहेत, जखमांच्या नोंदीत तीन आहेत, पिस्तुलातल्या उरलेल्या चार गोळ्याही तेच सांगतात. मामा हे सगळं ऐकून म्हणाला, "अगं, पण न्यायालयही सरकारीच की."

या वाक्यापाशी बहुतेक वाद संपतात. मी संपू दिला नाही, कारण अहवालाची बरीच पानं अजून उलटायची होती, आणि त्या पानांत जे होतं ते चौथ्या गोळीपेक्षा कितीतरी भयंकर होतं.

२० ते ३० जानेवारी. मधले दहा दिवस. माझ्या मते गांधीहत्येचं खरं रहस्य कुठे असेल तर ते या दहा दिवसांत आहे, आणि ते रहस्यही नाही. सगळं लिहिलेलं आहे, साक्षींसह.

मुंबईत रुईया कॉलेजात जगदीशचंद्र जैन नावाचे प्राध्यापक होते. मदनलाल हा फाळणीत होरपळून आलेला निर्वासित, आणि जैन त्याला पुस्तकं विकायला देऊन मदत करत. जानेवारीच्या पूर्वार्धात मदनलालने त्यांना एका मोठ्या नेत्याला मारण्याचा बेत सांगितला, नगरच्या करकरेचा उल्लेख केला. जैनांना आधी ती बढाई वाटली. २१ तारखेच्या वर्तमानपत्रात स्फोटाची बातमी आणि मदनलालचं नाव वाचलं तेव्हा ते थेट मुंबई प्रांताचे पंतप्रधान (तेव्हा मुख्यमंत्र्यांना असं म्हणत) बाळासाहेब खेर यांच्याकडे गेले. गृहमंत्री मोरारजी देसाई तिथे आले. जैनांनी माहीत होतं ते सांगितलं. त्याच संध्याकाळी मोरारजींनी मुंबई सेंट्रल स्टेशनवर पोलीस उपायुक्त जमशेद नगरवाला यांना बोलावून माहिती दिली, करकरेला पकडायला आणि सावरकरांच्या घरावर नजर ठेवायला सांगितलं.

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल, आता सुटलं. एक आरोपी कोठडीत, दुसऱ्याचं नाव हाती, कटाची बातमी थेट गृहमंत्र्यांपर्यंत. आणि तरीही नऊ दिवसांत काही झालं नाही.

ज्या जैनांना मदनलाल जवळून माहीत होता, त्यांची तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांशी गाठच घालून दिली गेली नाही. दिल्लीहून दोन पोलीस अधिकारी मुंबईत आले. त्यांनी काय सांगितलं आणि मुंबईच्या पोलिसांनी काय ऐकलं यावर आयोगापुढे दोन्ही बाजूंच्या साक्षी एकमेकींशी जुळल्या नाहीत. ते अधिकारी हात हलवत परत गेले. मदनलालच्या सविस्तर जबानीत पुण्याच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख होता. ते वृत्तपत्र होतं 'अग्रणी', पुढे 'हिंदू राष्ट्र'. वृत्तपत्रांच्या सरकारी यादीत त्याच्या संपादकाचं नाव छापलेलं होतं: न. वि. गोडसे. ती यादी सचिवालयात होती, कुणीही काढून बघू शकलं असतं.

ती जबानी सोबत घेऊन पुण्याचे गुप्तचर खात्याचे उपमहानिरीक्षक राणा दिल्लीहून निघाले. विमान होतं. ते रेल्वेने निघाले, तेही अलाहाबादमार्गे, आणि २७ तारखेला मुंबईत पोचले. त्याच दिवशी गोडसे आणि आपटे विमानाने दिल्लीला गेले होते.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी उठून स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. इतकी चीड आली होती. एक माणूस मारायला विमानाने निघाला आहे आणि त्याला थांबवू शकणारा कागद आगगाडीने उलट दिशेला चालला आहे.

नगरवालांचा भाग तर प्रत्येक शंकेखोराने वाचायला हवा. ते कर्तबगार अधिकारी होते, पुढे हत्येचा तपास त्यांनीच केला. पण २१ तारखेनंतरच्या दिवसांत त्यांनी स्वतःशी एक सिद्धांत बांधला: हा खुनाचा कट नाही, गांधीजींना पळवून नेण्याचा मोठा कट आहे, त्यामागे माणसांची भलीमोठी टोळी आहे. कपूर आयोगाने या अपहरणाच्या कल्पनेवर कडक टीका केली आहे. खबर खुनाची होती, मिळालेले धागे खुनाकडे जात होते. तपास मात्र एका अवाढव्य, गुंतागुंतीच्या, काल्पनिक टोळीमागे गेला, आणि खरे मूठभर लोक मधल्या मध्ये ठाण्यात भेटून गेले.

मी हे मामाला वाचून दाखवलं. म्हटलं, मामा, हे बघ, गांधीजींच्या बाबतीतला सर्वांत महागडा भ्रामक सिद्धांत कोणा सामान्य माणसाने मांडला नव्हता, तपास अधिकाऱ्यानेच मांडला होता, आणि तो हत्येच्या आधी मांडला होता. मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे सरकार चुकतं हे तू मान्य करतेस." मी म्हटलं, मान्य काय करायचं त्यात, सरकारनेच नेमलेल्या न्यायमूर्तींनी ते छापून ठेवलंय. त्यांच्या आधी १९४९ मध्ये लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयाचे न्यायाधीश आत्माचरण यांनीही निकालपत्रात लिहिलं होतं, की २० ते ३० जानेवारीच्या दरम्यान पोलिसांनी थोडी तत्परता दाखवली असती तर ही घटना बहुधा टळली असती.

मग सतरा वर्षं आयोग का नेमला नाही, हा मामाचा पुढचा प्रश्न. तो रास्त होता.

आयोग नेमला गेला तो कुणाच्या सदसद्विवेकबुद्धीमुळे नाही, पुण्यातल्या एका समारंभामुळे. गोपाळ गोडसे, करकरे आणि पाहवा ऑक्टोबर १९६४ मध्ये सुटले. १२ नोव्हेंबरला पुण्यात त्यांच्या सुटकेनिमित्त सत्यनारायणाची पूजा आणि सत्कार झाला. तिथे ग. वि. केतकर, म्हणजे लोकमान्यांच्या मुलीचे चिरंजीव आणि 'केसरी'चे माजी संपादक, भरसभेत बोलून गेले की नथुरामचा इरादा आपल्याला आधी माहीत होता, आणि बाळूकाका कानिटकरांमार्फत आपण खेरांना कळवलंही होतं. देशभर गदारोळ झाला, संसदेत प्रश्न आले. १९६५ मध्ये गोपाल स्वरूप पाठक यांची नेमणूक झाली, ते मंत्री झाल्यावर नोव्हेंबर १९६६ मध्ये काम न्यायमूर्ती कपूरांकडे आलं. त्यांनी १०१ साक्षीदार तपासले आणि १९६९ मध्ये अहवाल दिला. तोवर खेर गेले होते, सरदार पटेल गेले होते, सावरकरही १९६६ च्या फेब्रुवारीत गेले होते. जे बोलू शकले असते ते उरले नव्हते. सरकारी चौकशीवर माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे. ती खोटं बोलते यापेक्षा ती उशिरा येते, आणि उशीर हाही सत्याचा घातच असतो.

चौथ्या गोळीचा मोह फक्त आपल्याला नाही. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली. चौकशीसाठी नेमलेल्या वॉरन आयोगाने दहा महिन्यांत ८८८ पानांचा अहवाल दिला: मारेकरी एकटा ऑस्वाल्ड, तीन गोळ्या. अमेरिकन लोकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही, आणि त्यांच्या अविश्वासाला कारण होतं. ऑस्वाल्डने हत्येच्या आधी एफबीआयच्या कचेरीत दिलेली चिठ्ठी हत्येनंतर नष्ट केली गेली. कॅस्ट्रोला मारण्याच्या आपल्या योजना सीआयएने आयोगापासून लपवल्या. हे सत्तरच्या दशकात संसदीय चौकशीत बाहेर आलं. मग १९७९ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीने जाहीर केलं की बहुधा कट होता, कारण पोलिसांच्या बिनतारी यंत्रावरच्या ध्वनिमुद्रणात चौथ्या गोळीचा आवाज आहे. म्हणजे तिथे चौथ्या गोळीवर सरकारी शिक्काच बसला.

आणि तो शिक्का पुसला कुणी? ओहायोतल्या एका ड्रमवादकाने. एका मासिकासोबत त्या ध्वनिमुद्रणाची प्लास्टिकची तबकडी मिळाली होती. तो ती पुन्हा पुन्हा ऐकत राहिला, आणि जिथे गोळ्यांचे आवाज आहेत असं म्हटलं होतं तिथेच त्याला दुसऱ्या वाहिनीवरचं एका अधिकाऱ्याचं बोलणं पुसट ऐकू आलं. ते बोलणं हत्येच्या सुमारे एक मिनिट नंतरचं होतं. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने १९८२ मध्ये त्याची तपासणी करून सांगितलं की ते आवाज गोळ्यांचे नाहीत. एका सामान्य माणसाच्या शंकेने सरकारी निष्कर्ष पाडला. मला तो ड्रमवादक फार जवळचा वाटतो. त्यालाही सरकारवर शंका होतीच. पण त्याने तबकडी ऐकली, आणि जे ऐकू आलं ते मान्य केलं.

हे मी मामाला सांगितलं तेव्हा वाटलं होतं तो मुद्दा सोडेल. तो सोडेना. त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवलं, की चौथी गोळी ही त्याच्यासाठी गोळीची गोष्ट नाहीच.

आमचं आजोळ वाई तालुक्यातलं. आजोबांचा तिथे दुपाखी वाडा होता, भिक्षुकी होती, थोडी जमीन होती. ३० जानेवारीनंतर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात मारेकरी ब्राह्मण म्हणून ब्राह्मणांची घरं जाळली गेली. आजोबांचा वाडाही त्यात गेला. मामा तेव्हा कडेवरचं मूल. आजीने त्याला आणि माझ्या आईला घेऊन रात्र उसाच्या फडात काढली. पुढे आजोबा ठाण्यात आले, नौपाड्यात दोन खोल्या घेतल्या आणि एका छापखान्यात खिळे जुळवायला लागले. आजोबा रोज सूत काततात हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तरी वाडा जळाला. ठाण्यात आल्यावर त्यांनी चरखा हातात घेतला नाही, आणि त्या रात्रीबद्दल घरात बोलायचं नाही असा जणू नियमच झाला. आईने मला हे सांगितलं ते तिच्या शेवटच्या आजारपणात.

एका रविवारी मामा म्हणाला, "समज, नथुरामने मारलंच नसेल. समज, दुसऱ्याच कोणी मारलं असेल. मग आमचं घर कशासाठी जळलं?"

मला काय बोलावं ते पटकन सुचलं नाही. इतके दिवस मी त्याला पानं दाखवत होते आणि तो मला हे विचारत होता. त्याच्या बापाची राखरांगोळी झाली ती एका पुण्याच्या संपादकाच्या कृत्यापायी. ते कृत्य त्याचं नव्हतंच असं ठरलं, तर निदान झाला तो सगळा अन्याय एका खोट्यावर उभा होता असं म्हणता येईल. मामाला नथुरामबद्दल प्रेम नाही. त्याला आजोबांबद्दल न्याय हवा आहे, आणि चौथी गोळी हा त्याला दिसलेला एकमेव रस्ता आहे.

मी त्याला जे म्हटलं ते इथे लिहिते, कारण या सगळ्या वाचनातून मला एवढं एकच नक्की कळलं आहे. मी म्हटलं, मामा, आजोबा निर्दोष होते त्यासाठी नथुराम निर्दोष असायची गरज नाही. तीन गोळ्या नथुरामच्याच होत्या, आणि तरीही आपलं घर जाळणं हा गुन्हाच होता. एका माणसाच्या अपराधासाठी त्याच्या जातीचं घर जाळणाऱ्यांना कपूरांचा अहवाल माफ करत नाही, नथुरामचा फासही माफ करत नाही. तू आजोबांसाठी दावा मांड ना, सरळ मांड. त्यासाठी ब्रिटिशांचं गुप्त पथक दिल्लीत कशाला आणायचं?

आणि एक गोष्ट मी त्याला म्हटली नाही, पण मला ती वाटते. अनोळखी परदेशी हात सगळ्यांनाच सोयीचा असतो, केवळ जळलेल्या घरांतल्या माणसांना नाही. कट पुण्यात शिजला, नगरमध्ये शस्त्रं जमली, दादर आणि ठाण्यात भेटी झाल्या. बोलणी बहुतांशी मराठीत झाली. संपादक मराठी, अग्रलेख मराठी, वर्गणीदार मराठी. त्यांच्या खोल्यांत जे बोललं जात होतं ते ऐकणारे, हसणारे, मान डोलावणारे, काहीजण आधीच माहीत असूनही गप्प राहिलेले, तेही आपलेच. हे मान्य करायला जड जातं. लंडनहून आलेला मारेकरी त्यामानाने पेलवतो.

सरकारी उत्तराला मी डोळे मिटून मान देते असं मात्र कुणी समजू नये. कपूर अहवालातली सर्वांत वादग्रस्त जागा सावरकरांची. १९४९ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, कारण माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याच्या साक्षीला स्वतंत्र पुरावा मिळाला नाही. सरकारने त्यावर अपील केलं नाही. वीस वर्षांनी कपूर आयोगाने मात्र लिहिलं, की सगळ्या गोष्टी एकत्र पाहता सावरकर आणि त्यांच्या गटाने केलेल्या खुनाच्या कटाखेरीज दुसरा कोणताही तर्क टिकत नाही. आता यातलं कोणतं वाक्य खरं धरायचं? एका बाजूचे लोक न्यायालयाचा निकाल नाचवतात, दुसऱ्या बाजूचे आयोगाचं वाक्य. मला दोन्ही पुरे वाटत नाहीत. आयोगाला विचारलं होतं ते कटाची पूर्वकल्पना कोणाला होती आणि सरकारने काय केलं, एवढंच. ज्याच्याबद्दल ते वाक्य लिहिलं तो माणूस उत्तर द्यायला हयात नव्हता, आणि आयोगाचं निरीक्षण म्हणजे शिक्षा नव्हे. पण आयोगासमोर असंही काही होतं जे न्यायालयासमोर कधी आलंच नाही. सावरकरांचे अंगरक्षक अप्पा कासार आणि सचिव गजानन दामले यांच्या मुंबई पोलिसांनी मार्च १९४८ मध्ये घेतलेल्या जबान्या. गोडसे आणि आपटे यांच्या सावरकर सदनातल्या भेटींबद्दल हे दोघे सांगत होते. दोघांनाही खटल्यात साक्षीदार म्हणून उभं केलं गेलं नाही. का? साक्षीदार हाताशी, जबानी लिहून घेतलेली, खटला देशाच्या राष्ट्रपित्याच्या खुनाचा. सावरकर दोषी होते असं मी म्हणत नाही, निर्दोष होते असंही नाही. ज्या दोन माणसांची उलटतपासणी व्हायला हवी होती ती झाली नाही आणि म्हणून आता कुणालाच शपथेवर काही म्हणता येत नाही, एवढं मी म्हणते. ही शंका रास्त आहे. ती कागदातून निघाली आहे आणि कागदाने मिटू शकली असती.

यात जुनं काही नाही. ठाण्याहून नाशिककडे निघालं की खारेगावची खाडी लागते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांच्या खुनातलं पिस्तूल या खाडीत टाकल्याचं तपासात पुढे आलं, आणि सीबीआयने परदेशी पाणबुडे आणून तळ धुंडाळला. मार्च २०२० मध्ये एक पिस्तूल मिळाल्याच्या बातम्या आल्या. त्या दिवसांत मी रोज कचेरीला त्याच पुलावरून जात होते. गाळात ते लोक काय शोधत होते ते मला माहीत होतं, आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा यायचा. साडेसहा वर्षांनी खाडीचा तळ! १० मे २०२४ ला पुण्याच्या विशेष न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली आणि इतर तिघांना सोडलं. ज्याला तपास यंत्रणा सूत्रधार म्हणत होती तो सुटला. तपासातल्या उणिवांवर न्यायालयानेच ताशेरे ओढले. गोळी मारणारे हात सापडले, त्यांना पाठवणारा मेंदू सिद्ध झाला नाही.

म्हणजे पुन्हा तेच. आणि माझी भीती ही आहे, की या खुनालाही पुढेमागे एक चौथी गोळी फुटेल. संशयाची दिशा बदलणारं काहीतरी चघळायला मिळेल, आणि तपासात कोणत्या दिवशी कोणी काय केलं नाही हा साधा, तारीखवार प्रश्न मागे पडेल. तो प्रश्न आत्ता विचारायचा आहे, साक्षीदार हयात असताना, अपिलं चालू असताना. सतरा वर्षांनी एखाद्या पूजेच्या समारंभात कुणाची जीभ सैल होण्याची वाट पाहत बसायचं नाही.

मामाने चौथी गोळी अजून सोडलेली नाही, हे सांगायलाच हवं. गेल्या रविवारी त्याने तिचा विषय काढला नाही, इतकंच. त्याऐवजी त्याने मला विचारलं, दामले आणि कासारांना साक्षीला न बोलावण्याचा निर्णय सरकारी वकिलांचा होता की पोलिसांचा, आणि त्याबद्दल कपूरांनी कोणाला विचारलं का? मला ते आठवेना. दुसरा भाग आता त्याच्याकडे आहे, पहिला माझ्याकडे. दोघंही तेवढंच शोधतो आहोत.